एक अधिक एक : दोन की आठ?

वर्गात करून पाहण्याजोगा एक साधा प्रयोग आहे. प्लास्टिकची एक फूटपट्टी टेबलावर उभी धरा आणि वरच्या टोकावर तळहाताने हळूहळू दाब द्या. थोड्याच दाबाने पट्टी धनुष्यासारखी वाकते. आता तशाच दोन पट्ट्या पाठीला पाठ लावून, पण न चिकटवता, उभ्या धरा. साधारण दुप्पट दाब लागेल. मग त्याच दोन पट्ट्या सबंध लांबीभर घट्ट चिकटवा आणि पुन्हा दाबून पाहा. चिकटवणे नीट झाले असेल तर आता एका पट्टीच्या आठपट दाब लागेल.

प्लास्टिक तेच, पट्ट्या त्याच, लांबी तीच. मग दोनाचे आठ कसे झाले? पट्टीचा वाकण्याला होणारा विरोध तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. जाडी दुप्पट झाली की विरोध दोनाच्या घनाइतका, म्हणजे आठपट होतो. पण हे तेव्हाच, जेव्हा दोन पट्ट्या एकमेकींवरून घसरत नाहीत. घसरू दिले तर त्या शेजारी उभ्या असलेल्या दोन परक्या पट्ट्याच राहतात. दोन आणि आठ यांच्यामधले सहा हे पट्ट्यांचे बळ नाही, ते सांध्याचे बळ आहे.

आपल्या पाठ्यपुस्तकांतून पदार्थाचे बल शिकवताना या सहांचा उल्लेख सहसा येत नाही. 'पोलाद हे लाकडापेक्षा मजबूत असते' या प्रकारची वाक्ये आपण शिकवतो, विद्यार्थी ती लिहितात, आणि बल ही पदार्थाच्या अंगची गोष्ट आहे असा समज कायमचा घट्ट होतो. पुढे अभियांत्रिकीला गेलेला विद्यार्थी हाच समज घेऊन तक्ते आणि सूत्रे वापरू लागतो. या समजाची परीक्षा पाहायची तर आमच्या मते सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे पातळ पोलादी पत्रा दुमडून आणि त्याचे दोन तुकडे जोडून केलेला खांब, ज्यावरचा भार बरोबर मधोमध पडत नाही. त्याच्या बलाचे जे गणित रूढ आहे ते येथे तपासून पाहू. ते गणित काय सांगते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, काय सांगत नाही?

पुस्तकातला खांब

खांबाच्या वाकण्याचा अभ्यास जुना आहे. हॉलंडमधील मुसेनब्रुक याने १७२९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून असे दाखवले होते की दाबाखाली वाकणाऱ्या दांड्याची भारक्षमता त्याच्या लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. लांबी निम्मी केली की भार चौपट. १७४४ साली लेओनार्ड ऑयलर याने याला गणिती रूप दिले. ऑयलरच्या सूत्रात एक विलक्षण गोष्ट आहे : त्यात पोलादाची ताठरता येते, परंतु पोलाद किती दाबाला कायमचे दबते किंवा तुटते तो आकडा मुळीच येत नाही. सडपातळ खांब साध्या पोलादाचा असो की उच्च प्रतीच्या पोलादाचा, दोघांची ताठरता जवळजवळ सारखीच असल्याने दोघेही जवळजवळ सारख्याच भाराला वाकतील. महाग पोलाद घेऊन येथे काही पदरात पडत नाही. आकार बदलला तर मात्र पडते.

ऑयलरचे सूत्र सुंदर आहे आणि ते शिकवलेच पाहिजे. परंतु ते ज्या खांबासाठी आहे तो खांब कोठेही उभा नाही. तो तंतोतंत सरळ आहे, एकसंध आहे, त्याची भिंत मुडपत नाही आणि त्यावरचा भार केसभरही बाजूला सरकलेला नाही. प्रत्यक्षातील खांब यांतली एकही अट पूर्ण करीत नाही. नियमावल्या लिहिणाऱ्यांना हे ठाऊक आहे. पत्र्याच्या खांबांच्या अमेरिकन नियमावलीत सडपातळ खांबासाठी ऑयलरच्या आकड्याला ०.८७७ ने गुणावे लागते, ते खांबातील जन्मजात बाकाची भरपाई म्हणून. चार अटींपैकी एकीची ही दखल झाली. बाकीच्या तिन्हींचे काय, हे क्रमाने पाहू.

पत्रा मुडपतो तेव्हा

पोलादी तुळया आणि जाड अँगल तापवून लाटतात. त्याउलट पातळ पत्रा गरम न करता, रुळांतून ओढून किंवा प्रेसवर दाबून, इंग्रजी 'सी' किंवा 'झेड' या अक्षरांच्या आकारात दुमडला तर त्याला कोल्ड फॉर्म्ड, म्हणजे थंड अवस्थेत घडवलेले पोलाद म्हणतात. कारखान्याच्या छपराखालच्या आडव्या पट्ट्या, गोदामांतील उंच रॅक आणि शाळेच्या ग्रंथालयातील भोकाभोकांच्या अँगलचे घोडे हे सर्व याच कुळातले. वजन कमी आणि घडण सोपी, म्हणून ते सर्वत्र दिसते.

हा पत्रा फार पातळ असल्याने त्याला खांब म्हणून वाकण्याआधीच दुसरा आजार जडू शकतो. पुठ्ठ्याचा खोका वरून दाबला की तो आधी वाकत नाही, त्याच्या भिंतीला लाटा येतात. हिशेब करून पाहू. १०० मिलिमीटर रुंद आणि १ मिलिमीटर जाड, दोन्ही कडांना आधार असलेली पोलादी भिंत सुमारे ७२ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर दाबाला लाटा धरू लागते. साधे पोलाद कायमचे दबू लागते सुमारे २५० ला. म्हणजे पोलादाचे एक तृतीयांश बळही खर्ची पडण्याआधी भिंत मुडपू लागली.

गंमत अशी की येथे खेळ संपत नाही. भिंतीचा मधला भाग लाटा धरून काम सोडतो, पण कोपऱ्यांजवळचा भाग ताठ उभा राहून भार घेतच राहतो. थिओडोर फॉन कार्मान याने १९३२ साली सहकाऱ्यांसह यावर एक युक्ती सुचवली : मधला भाग नाहीच असे समजा आणि कोपऱ्यांजवळची 'प्रभावी रुंदी' तेवढी मोजा. वरील भिंतीत ही रुंदी येते सुमारे ५४ मिलिमीटर. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात १९३९ पासून जॉर्ज विंटर यांनी शेकडो तुकड्यांवर चाचण्या घेऊन हा आकडा आणखी खाली आणला. वरील उदाहरणात तो सुमारे ४७ होतो. त्यांच्या कामावरच १९४६ ची पहिली अमेरिकन नियमावली उभी राहिली. भारतीय मानक आयएस ८०१ हे १९७५ सालचे असून तेही याच परंपरेतले आहे.

तिसराही एक आजार आहे. 'सी' आकाराच्या उघड्या कडांना आतल्या बाजूने दुमडलेली छोटी पाळी असते. दाब वाढला की ही पाळी आणि तिला धरणारी बाजू दोन्ही मिळून आत किंवा बाहेर कलंडतात. तेव्हा पत्र्याच्या खांबाला तीन प्रकारे मरण येते : सबंध खांबाला बाक येऊन, भिंतीला लाटा येऊन आणि कड कलंडून. यांतले कोणते आधी येईल हे पोलादावर नव्हे, मापांवर ठरते. ही यादी लक्षात ठेवावी. पुढची टीका तिच्यावरच अवलंबून आहे.

दोघांचे एक कसे होतात

एकटा 'सी' चॅनेल खांब म्हणून गैरसोयीचा असतो. त्याचा गुरुत्वमध्य पत्र्यात नसून पोकळीत, हवेत असतो. शिवाय भिंतीला लाटा आल्या की तिचा मधला भाग काम सोडतो आणि उरलेल्या कामकरी भागाचा मध्य सरकतो. आपण मधोमध ठेवलेला भार आता बाजूला पडलेला असतो. भार हलला नाही, खांबाचा मध्य हलला. दोन चॅनेल पाठीला पाठ लावून जोडले की आकार दोन्ही बाजूंनी सारखा होतो आणि मधोमध पडणाऱ्या भारापुरता तरी हा दोष जातो. म्हणून जोडखांब लोकप्रिय आहेत.

आता एक खरा जोडखांब मोजू. प्रत्येक चॅनेलची पाठ १०० मिमी, बाजू ५० मिमी, पाळी १५ मिमी, पत्रा १.५ मिमी आणि खांबाची उंची ३ मीटर घेऊ. दोन्ही टोके कलू शकतात असे समजू आणि कोपऱ्यांची गोलाई सोडून देऊ. दोन्ही चॅनेल सुटे उभे केले तर ऑयलरच्या हिशेबाने दोघांचा मिळून भार ५८ किलोन्यूटन येतो. दोन्ही पूर्णपणे एकजीव झाले असे धरले तर तोच भार १०४ किलोन्यूटन होतो. फूटपट्ट्यांइतका मोठा नसला तरी हा फरक जवळजवळ १.८ पटींचा आहे. वरचे ४६ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ४.७ टन, सर्वस्वी स्क्रूंनी कमावलेले आहेत.

स्क्रू तर ठरावीक अंतरांवरच असतात. मग खांब ५८ आणि १०४ यांच्यामध्ये नेमका कोठे? यासाठी अमेरिकन नियमावलीत एक सूत्र आहे. खांबाची लांबी भागिले त्याच्या छेदाची परिभ्रमण त्रिज्या याला कृशता म्हणतात. जितकी कृशता जास्त, तितका खांब सडपातळ. सूत्र म्हणते : सबंध खांबाच्या कृशतेचा वर्ग घ्या, दोन स्क्रूंमधल्या सुट्या चॅनेलच्या कृशतेचा वर्ग त्यात मिळवा आणि वर्गमूळ काढा. ही झाली सुधारित कृशता. सोबत एक अट आहे : स्क्रूंमधली कृशता सबंध खांबाच्या कृशतेच्या निम्म्याहून जास्त नसावी.

सूत्र पायथागोरससारखे दिसते, सोपे आहे आणि हाताने करता येते. त्याचे श्रेय त्याला द्यावे. परंतु थोडे उलटसुलट करून पाहिले की त्याच्या मर्यादा दिसतात. अट अगदी काठोकाठ पाळली तर कृशतेचा वर्ग सव्वापट होतो, म्हणून ऑयलरचा भार बरोबर एक पंचमांशाने घटतो. कोणताही खांब घ्या, कितीही रुंद वा अरुंद, या सूत्राची सर्वांत कडक शिक्षा २० टक्केच. आमच्या खांबात १०४ चे ८३ होतात. आणि त्यासाठी स्क्रू किती अंतरावर चालतात? हिशेब केला तर उत्तर येते सुमारे १.१ मीटर. तीन मीटरच्या खांबात टोके सोडून दोनच ठिकाणी स्क्रू मारले तरी सूत्राचे समाधान होते.

आमचा पहिला आक्षेप येथे आहे. या सूत्राला स्क्रूंमधले अंतर समजते, स्क्रूची जागा समजत नाही. एक जाड वही दोन्ही हातांत धरून वाकवा आणि तिच्या कडेकडे पाहा. मध्यभागी पाने एकमेकांवर जशीच्या तशी राहतात. घसरण दिसते ती टोकांना, तेथे कड तिरकी होते. जोडखांबातही तसेच घडते. घसरण टोकांना सर्वांत जास्त आणि मध्यावर शून्य. म्हणून टोकांजवळचा स्क्रू मधल्या स्क्रूपेक्षा कितीतरी मोलाचा. नियमावलीला हे माहीत आहे, कारण तिच्यात टोकांपाशी खांबाच्या कमाल रुंदीच्या दीडपट लांबीत जवळजवळ सांधे मारावेत असा वेगळा नियम आहे. पण तो नियम सूत्राच्या बाहेर, अटींच्या यादीत आहे. घाईत असलेला माणूस सूत्र वापरतो आणि यादी विसरतो. आकडा तरीही ८३ च येतो. ज्या सूत्रात सर्वांत महत्त्वाचा स्क्रू चुकला तरी उत्तर बदलत नाही, ते सूत्र शिकवताना शिक्षकाने तरी सावध राहिले पाहिजे.

दुसरा आक्षेप आजारांच्या यादीशी संबंधित आहे. हे सूत्र मुळात तापवून लाटलेल्या जाड पोलादाच्या जोडखांबांसाठी तयार झाले आणि तेथून पत्र्याच्या नियमावलीत आणले गेले. जाड पोलादात बाक हाच मुख्य धोका. पत्र्यात तीन धोके आहेत आणि सूत्र त्यांपैकी पहिल्याशीच बोलते. आमचाच खांब १.५ ऐवजी १ मिलिमीटर पत्र्याचा केला, तर चॅनेल अगदी सुटे असतानाही बाक येतो ८५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरला, आणि पाठीला लाटा येऊ लागतात ७२ लाच. येथे वाटेल तितके स्क्रू वाढवून बाक लांबणीवर टाकला तरी पहिली लाट त्यामुळे फारशी पुढे जात नाही. स्क्रूवरचा खर्च भलत्याच रोगावरच्या औषधासारखा होतो.

भार बाजूला सरकला की

आता शेवटच्या अटीकडे येऊ. भार मध्यापासून बाजूला पडला की त्याला विकेंद्री भार म्हणतात. प्रत्यक्षात तोच नियम आहे आणि मध्यावरचा भार हा अपवाद. ग्रंथालयातल्या घोड्याची फळी त्याच्या उभ्या अँगलच्या एका अंगाला बोल्टने अडकवलेली असते. तिचा भार अँगलच्या मध्यातून जाणे शक्यच नाही.

विटांच्या बांधकामात गवंड्यांच्या कामाचा एक जुना नियम आहे : भार खांबाच्या मधल्या तिसऱ्या भागात राहावा. आयताकृती खांबात भार मध्यापासून जाडीच्या एक षष्ठांश अंतरावर सरकला की एका कडेवरचा दाब दुप्पट होतो आणि दुसऱ्या कडेवरचा शून्य. आमच्या जोडखांबात हे आणखी लवकर घडते. १०० मिमी रुंदीत भार अवघा १४ मिमी एका चॅनेलकडे सरकला की त्या बाजूच्या कडेवर दाब दुप्पट होतो. ती कड म्हणजेच पाळी, कलंडण्याच्या आजाराची जागा. आणि दोन चॅनेलमधली वाटणी निम्मी-निम्मी न राहता सुमारे ६८ आणि ३२ अशी होते. दोन्ही बाजू सारख्या करून जो दोष घालवला होता, तो भाराने १४ मिलिमीटरांत परत आणला.

एवढ्यावरही थांबत नाही. भारामुळे खांब वाकतो, वाकल्यामुळे भार मध्यापासून आणखी दूर जातो, त्यामुळे तो आणखी वाकतो. व्याजावर व्याज चढावे तसे हे आहे. ज्याला आधीच थोडा बाक आहे अशा खांबावर ऑयलरच्या भाराच्या निम्मा भार ठेवला तर बाक दुप्पट होतो. ८० टक्के ठेवला तर पाचपट. म्हणजे भार १.६ पट वाढवला आणि मधल्या छेदाला वाकवणारे परिबल मात्र चौपट झाले. शाळेत आपण त्रैराशिक इतके घोटवतो की एवढ्या भाराला एवढे, तर दुप्पट भाराला दुप्पट, हे मुलांच्या हाडीमांशी खिळते. खांबाला त्रैराशिक लागू पडत नाही, आणि ते सर्वांत जास्त फसवते ते शेवटच्या टप्प्यात, जेव्हा चूक दुरुस्त करायला वेळ उरलेला नसतो.

विकेंद्री भाराचे रूढ गणित असे आहे : भाराने क्षमतेचा किती हिस्सा खाल्ला आणि वाकवण्याने, वरील वाढ धरून, किती खाल्ला, यांची बेरीज एकाहून कमी ठेवा. आलेखावर ही सरळ रेषा होते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या एकेरी चॅनेलवरील चाचण्यांतून असे दिसले की ही सरळ रेषा सामान्यतः सुरक्षित बाजूला असते, म्हणजे खांब तिच्यापेक्षा अधिक भार घेतात. हे समाधानाचे आहे. पण ती रेषा 'किती' सांगते, 'कसे' सांगत नाही. कोणती पाळी आधी कलंडेल, कोणता स्क्रू आधी ओढला जाईल, यावर ती गप्प असते.

स्क्रूंच्या बाबतीत एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. भार मध्यावर असेल तर सरळ खांबात स्क्रूंना सुरुवातीला जवळजवळ काम नसते. विकेंद्री भारात पहिल्या किलोपासून वाकणे सुरू होते. दोन्ही टोकांचे विकेंद्रीपण असमान असेल तर दोन चॅनेल एकमेकांवरून सरकवू पाहणारे कर्तनबलही पहिल्यापासूनच येते. अमेरिकन नियमावलीने मधल्या सांध्यांसाठी खांबाच्या भारक्षमतेच्या २.५ टक्के हा आकडा दिला आहे. तो दाबाखालील खांबांच्या कलमात आहे, वाकवण्याचा विचार करणाऱ्या कलमात नाही. जाड पोलादाचे आपले भारतीय मानक आयएस ८०० : २००७ येथे अधिक स्पष्ट आहे. तिरप्या पट्ट्यांनी जोडलेल्या खांबांसाठी तेही २.५ टक्केच सांगते, पण विकेंद्री भार असेल तर त्यामुळे येणारे प्रत्यक्ष कर्तन त्यात वेगळे मिळवा असेही बजावते. हा फरक किरकोळ आहे का? तीन मीटर उंचीच्या खांबात वरच्या टोकाला १४ मिमी विकेंद्रीपण असेल आणि तळाशी नसेल, तर कर्तन भाराच्या अर्धा टक्काही येत नाही. काळजीचे कारण नाही. परंतु एक मीटरच्या आखूड खांबाच्या टोकाला १०० मिमी बाहेर आलेल्या ब्रॅकेटवर भार ठेवला तर तेच कर्तन १० टक्के होते. २.५ च्या चौपट.

क्वेबेकचा धडा

सांध्यांवरची ही चर्चा पुस्तकी वाटू नये म्हणून एका घटनेकडे वळू. ती पत्र्याची नाही, जाड पोलादाची आहे, पण प्रश्न अगदी हाच होता.

कॅनडात क्वेबेक शहराजवळ सेंट लॉरेन्स नदीवर जगातला सर्वांत लांब गाळ्याचा पूल बांधला जात होता. त्याचे सल्लागार अभियंता थिओडोर कूपर हे त्या काळचे मोठे नाव. मुख्य गाळा १,६०० फुटांवरून १,८०० फुटांवर नेण्यात आला, पण पुलाच्या स्वतःच्या वजनाचा हिशेब वेळेवर नव्याने केला गेला नाही. पुलाच्या सांगाड्यातील खालचे मुख्य दांडे दाबाखाली होते. प्रत्येक दांडा म्हणजे एक आडवा जोडखांबच : उभ्या पोलादी भिंती चार, आणि त्यांना एकत्र धरणारी तिरप्या पट्ट्यांची हलकी जाळी.

१९०७ च्या ऑगस्टमध्ये यांतले काही दांडे वाकू लागल्याचे जागेवरच्या माणसांच्या लक्षात आले. एका दांड्याचा बाक आठवडाभरात पाऊण इंचाच्या आसपास होता तो सुमारे दोन इंचांवर गेला. दांडे कारखान्यातूनच वाकडे आले असावेत, असाही वाद झाला. त्या वादात त्रैराशिक होते : दोन इंच म्हणजे फार नव्हे. बाक किती आहे यापेक्षा तो किती वेगाने वाढतो आहे, हा खरा प्रश्न होता. जागेवरचा अभियंता नॉर्मन मॅक्लूर सल्ला घ्यायला न्यूयॉर्कला कूपरकडे गेला. २९ ऑगस्टच्या सायंकाळी, काम थांबवण्याचा निरोप पुलावर पोचण्याआधी, पूल कोसळला. पुलावर ८६ माणसे होती, त्यांतली ७५ मेली. मृतांत काहनावाके वस्तीतील मोहॉक कामगार तीसहून अधिक होते.

चौकशी आयोगाचा अहवाल १९०८ मध्ये आला. दोष खालच्या दांड्यांच्या रचनेत होता. भिंतींचे पोलाद हलके नव्हते, त्यांना एकजीव ठेवणारी जाळी आणि तिचे रिव्हेट अपुरे पडले. मोठ्या पोलादी जोडखांबांविषयीचे त्या काळचे ज्ञानच पुरेसे नव्हते, असेही आयोगाने नमूद केले. ऑयलरचे सूत्र तेव्हा दीडशे वर्षांहून जुने होते. सांधा कर्तनात किती लवचिक असतो आणि त्यामुळे जोडखांबाचे बळ किती घटते, याचे गणित जर्मन अभियंता एंगेसर याने १८९१ मध्येच मांडले होते. सूत्र नव्हते असे नाही. जाळीकडे खांबाचे अवयव म्हणून न पाहता बांधून ठेवणारी दोरी म्हणून पाहिले गेले.

मग सूत्र टाकून द्यावे काय?

नाही. आम्ही सूत्रांच्या विरोधात नाही. सुधारित कृशतेच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. अमेरिकेत पाठीला पाठ लावलेल्या चॅनेलवर घेतलेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत ते सूत्र सरासरीने सुरक्षित बाजूलाच निघाले. पण सुरक्षित निघणे आणि बरोबर असणे यांत फरक आहे. चुकीच्या कारणाने सुरक्षित निघालेले सूत्र नव्या आकाराच्या, नव्या जाडीच्या खांबावर केव्हा दगा देईल हे आधी कळत नाही.

सुधारणा झालेली आहे. शेफर आणि पेकोझ यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या 'थेट बल' पद्धतीत बाक, लाटा आणि कड कलंडणे या तिन्हींचे भार सबंध छेदासाठी संगणकावर वेगवेगळे काढतात आणि त्यांवरून खांबाचे बल ठरवतात. २००४ मध्ये ती अमेरिकन नियमावलीच्या परिशिष्टात आली. आमच्या दृष्टीने तिचा मोठा गुण अचूकपणा नसून प्रामाणिकपणा आहे. कोणत्या आजाराने मरण येणार, हे ती विचारायला लावते. जोडखांबातील स्क्रू तिच्यात कसे बसवावेत यावर मात्र तिलाही चाचण्यांचाच आधार घ्यावा लागतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या जॉन्स हॉपकिन्सच्या जोडखांबांवरील चाचण्यांत टोकांचे स्क्रू मुद्दाम वेगळे अभ्यासले गेले, हे योग्यच झाले. वहीच्या पानांनी जे दाखवले ते गणितात आणण्याचा तो प्रयत्न आहे.

तेव्हा कोणताही तक्ता किंवा सूत्र हाती आले की विद्यार्थ्याने तीन प्रश्न विचारावेत, अशी आमची सूचना आहे. हे सूत्र कोणत्या प्रकारच्या मोडण्याविषयी बोलते आहे? त्याने सांध्याविषयी काय गृहीत धरले आहे? आणि भार कोठे आहे असे त्याने मानले आहे? तीन उत्तरे मिळाली तर आकडा वापरावा. न मिळाली तर आकडा कितीही दशांशांपर्यंत असला तरी तो केवळ आकडा आहे.

वर्गासाठी प्रयोग सोपा आहे. जाड कार्डशीटच्या ३० सेंटिमीटर लांब पट्ट्या दुमडून आठ सारखे चॅनेल करा. त्यांच्या चार जोड्या पाठीला पाठ लावा. पहिली जोडी फक्त मध्यावर एका स्टेपलने जोडा, दुसरी दोन्ही टोकांना दोन-दोन स्टेपल मारून, तिसरी दर तीन सेंटिमीटरवर. चौथी तिसरीसारखीच करा, पण तिच्यावर भार एका कडेला ठेवा. वर पुठ्ठ्याचा तुकडा ठेवून त्यावर एकेक वही चढवत जा. बाजूला एक विद्यार्थी वह्या मोजील. दुसऱ्याने मात्र मोजू नये, त्याने फक्त पाहावे : आधी काय झाले, लाट आली, कड कलंडली की बाक आला, आणि तो कोणत्या वहीनंतर झपाट्याने वाढू लागला? फळ्यावर दोघांची निरीक्षणे शेजारी शेजारी लिहावीत. आपल्या परीक्षांत पहिल्या विद्यार्थ्याला गुण मिळतात. क्वेबेकच्या पुलावर गरज होती ती दुसऱ्याचे ऐकण्याची.